दाजी कुबलांचं डोकं आणि वाडीचं गाऱ्हाणं

हरिश्चंद्र कुबल यांचं डोकं गेलं, असं वाडीनं मागच्या नारळी पौर्णिमेला सकाळी सव्वादहाच्या सुमारास ठरवलं. फारशी चर्चा लागली नाही. हरिश्चंद्र, म्हणजे सगळ्यांचे दाजी, समुद्राकडे तोंड करून गाऱ्हाणं घालत होते. खडपातल्या, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांत वसणाऱ्या, देवचाराचं नाव त्यांनी एकदा घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं आणि तिसऱ्यांदाही घेतलं. तिसऱ्या वेळेला मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. माणूस कामातून गेल्याचा दाखला वाडीत इतकाच लांब असतो.

तारकर्लीच्या अलीकडच्या या वाडीत रापणीचा हंगाम गाऱ्हाण्याशिवाय उघडत नाही. रापण म्हणजे साठ-सत्तर माणसांनी किनाऱ्यावरून मिळून ओढायचं जाळं. इतकी माणसं एका दोरीला लागायची तर आधी सगळ्यांनी मिळून देवाकडे तक्रार-विनवणी करून घेतलेली बरी, असा त्यामागचा विचार असावा. गाऱ्हाण्यात एकेचाळीस नावं आहेत. आधी देव, मग हद्दीचे राखणदार, आणि शेवटी समुद्रानं परत न दिलेली माणसं. प्रत्येक नावानंतर जमलेल्यांनी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. हे कुठे लिहिलेलं नाही, लिहायचंही नसतं. दाजींच्या वडिलांनी नावं शिकवली तेव्हा नियम एकच सांगितला होता: एक नाव, एक होकार. होकार आला नाही तर नाव पोचलं नाही, आणि न पोचलेलं नाव मागे टाकून पुढे जायचं नाही.

वाडीचा निकाल दाजींना मान्य होता, हीच खरी पंचाईत होती. गेली दोन-तीन वर्षं त्यांना काही धड आठवत नव्हतं. विमला, त्यांची बायको, सकाळी मासे विकायला जाताना काय सांगून गेली ते आठवेना. मुलगा स्वरूप गोव्याहून फोनवर काय बोलला ते आठवेना. संध्याकाळी रापणीच्या खोपीत चार माणसांत बसलं, तर बोलणं बांगड्यावरून निवडणुकीवर कधी गेलं तेही कळेना. मग दाजींनी खोपीत जाणंच सोडलं.

त्यात चुलत्याचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. रामचंद्रकाका शेवटची चार वर्षं रोज सकाळी किनाऱ्यावर येऊन आपली होडी कुणी नेली म्हणून विचारायचा. होडी वीस वर्षांपूर्वी त्यानंच विकली होती. वाडीतली माणसं आधी समजावून सांगायची, मग गंमत म्हणून उलटसुलट सांगायची, आणि शेवटी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. दाजी अडुसष्टाचे झाले होते. रात्रंदिवस ते मनातल्या मनात एकेचाळीस नावं मोजत. प्रत्येक वेळी एकेचाळीसच भरत, आणि बरोबर भरली याचाच त्यांना संशय येई.

त्यांची सून वर्षाली आशा सेविका. तिनं आरोग्य केंद्रातून एक पत्रक आणलं. वर ‘मेंदू सांभाळा’, खाली दहा सूचना. दाजींनी ते कालनिर्णयाच्या खिळ्यालाच टांगलं आणि होडीच्या तांडेलानं जाळ्याची तपासणी करावी तशी एकेक सूचना हाती घेतली.

विडी सोडली. चाळीस वर्षांची विडी सुटल्यावर हातांना उद्योग राहिला नाही, म्हणून ते दिवसभर दाराच्या कड्या काढत-घालत बसू लागले. रक्तदाबाची गोळी सुरू झाली. मीठ कमी करायचं म्हणून सुका बांगडा घरातून हद्दपार झाला आणि त्या दिवशी घरात कुणी कुणाशी बोललं नाही. चालायचं म्हणून ते देवबागेच्या टोकापर्यंत जाऊन येत, येऊन बसत, आणि चालून आलो की नाही याची खात्री नसल्यासारखे पुन्हा निघत. सहाव्या सूचनेत ‘आठवड्यातून दोनदा मासे खा’ असं होतं.

“दोनदा?” विमला म्हणाली. “मगे रवलेले पाच दिवस काय करूचा?”

आठवी सूचना ‘मेंदूला नवीन सवय लावा; उदाहरणार्थ, डाव्या हाताने कामे करा’ अशी होती. दात घासणं जमलं. दुपारी दाजींनी डाव्या हाताने भात कालवला तेव्हा मात्र विमलानं समोरचं ताट उचललं.

“डोक्या गेला तर गेला,” ती म्हणाली, “पण माज्या घरात डाव्या हातान कोण जेवाचा नाय.”

दहापैकी नऊ सूचना दाजींनी अशा पाळल्या. चौथी तेवढी वगळली होती. तिच्यात ‘ऐकू कमी येत असल्यास तपासणी करून घ्या’ असं लिहिलं होतं, आणि तो आपला विषय नाही हे त्यांना वाचता क्षणी कळलं होतं.

जून लागला, मासेमारी बंद झाली, होड्या माडाच्या झापांखाली गेल्या. बंदीच्या दोन महिन्यांत वाडीतल्या पुरुषांना बैठका घेण्यापलीकडे काम नसतं. खोपीतल्या बैठकीत रापण संघाचा अध्यक्ष बाबली मोंडकर यानं विषय काढला.

“दाजी, राग मानू नकोस. गाऱ्हाना यज्ञेशाक देवया काय?”

यज्ञेश हा दाजींचा पुतण्या. तारकर्लीत त्याचं पर्यटकांसाठी घर होतं, आणि न्याहारीनंतर माईक घेऊन तो पाहुण्यांना गाऱ्हाण्याचा नमुनाही ऐकवायचा. अकरा नावांचा. पाहुण्यांना तितकीच झेपत.

“काय?” दाजी म्हणाले.

बाबलीनं पुन्हा सांगितलं. खोपीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एकदा सांगून म्हाताऱ्याला कळत नाही, हे त्यात आलंच.

“माजो बापूस म्हणी होतो. मी म्हणतंय,” दाजी म्हणाले. “एकेचाळीस नावां म्हणतलंय. एक चुकलंय तर सांग.”

“चुकनस नाय रे तू, अडाकतंस,” बाबली म्हणाला. “बरा, ह्या वर्सा तूच म्हण. पण अडाकलस तर फुडल्या वर्सापासून यज्ञेश. कबूल?”

यज्ञेश खाली बघून मोबाइल पुसत होता. दाजी ‘कबूल’ म्हणाले आणि चप्पल न घालताच घरी आले. वर्षालीनं मागाहून चपला आणून दिल्या. चपला विसरणं रामचंद्रकाकाच्या पहिल्या वर्षात होतं.

पुढच्या आठवड्यात आरोग्य केंद्रात ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीचं शिबिर होतं. दाजी सकाळी सातला जाऊन बसले. दहाला आलेल्या डॉक्टर शर्मिष्ठा तरुण होत्या, तोंडाला मास्क होता आणि डोक्यावर पंखा खडखडत होता. त्यांनी विचारलं ते दाजींना अर्धं कळलं. तारीख काय, हे कळलं.

“अष्टमी,” दाजी म्हणाले. “भांग आसा.”

भांग म्हणजे भरती-ओहोटीचा जोर नसलेले दिवस. समुद्रावरच्या माणसाला याहून नेमकी तारीख सांगता येत नाही. पण छापील अर्जावर भांगासाठी रकाना नव्हता, तेव्हा तिथे शून्य पडलं. मग डॉक्टरांनी तीन शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी परत विचारले. दाजींना एकही सांगता आला नाही. गुण जोडून झाल्यावर डॉक्टरांचा चेहरा असा सौम्य झाला, की दाजींना आकडा विचारावासा वाटला नाही.

त्या दिवसापासून त्यांनी घराच्या पडवीत तालीम सुरू केली. सकाळी एकदा, दुपारी एकदा, चहाच्या आधी एकदा. दाजी नाव घेणार आणि विमला ‘व्हय म्हाराजा’ म्हणणार. विमलाला दुसरी कामं होती, म्हणून ती समोर बसून खाडीतली सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत होकार द्यायची.

पहिल्या तीन दिवसांत दाजी एकदाही अडकले नाहीत. चौथ्या दिवशी सातेरीदेवीच्या नावावर अडकले. सातेरी, पुन्हा सातेरी, पुन्हा सातेरी.

“व्हय म्हाराजा म्हणतंय मां मी!” विमला आतून ओरडली. ती पाण्याची कळशी भरायला उठली होती.

ती परत येऊन समोर बसली आणि गाऱ्हाणं सुरळीत चाललं. सुंगटाच्या साली टाकायला ती पाठमोरी झाली. गाऱ्हाणं थांबलं. विमला तिसरीपर्यंत शिकलेली, पण चाळीस वर्षं मासळी बाजारात बसून गिऱ्हाइकाच्या तोंडावरून त्याच्या मनातलं ओळखत आलेली. ती पुन्हा समोर बसली आणि पुढच्या नावाला तिनं नुसते ओठ हलवले. आवाज अजिबात काढला नाही.

दाजी पुढच्या नावावर गेले.

तिनं पुन्हा नुसते ओठ हलवले. दाजी पुढे. अशी नऊ नावं झाली. मुक्या होकारांवर देव, देवचार आणि दोन राखणदार आनंदानं पार पडले. मग विमला उठली, दाजींच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि हलकेच म्हणाली, “आयकलात?”

नवऱ्याला हाक मारायची तिची हीच पद्धत होती. दाजी माडाकडे बघत राहिले.

“वर्षाली, हय ये गो!” विमला ओरडली. “ह्येंचा डोक्या जाग्यार आसा. कान गेले हत! चाळीस वर्सा ‘आयकलात?’ म्हणान हाक मारतंय, आणि ह्यो मनीस उत्तर देना नाय. माका वाटला मस्ती आसा!”

मग ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जाणं झालं. काचेच्या खोलीत बसवून, कानाला डबडी लावून, आवाज आला की बटण दाबायचं. दाजींनी फारच थोड्या वेळा दाबलं. आरोग्य केंद्रात परत आल्यावर शर्मिष्ठा डॉक्टरांनी ते कागद पाहिले, मास्क काढला, पंखा बंद केला आणि स्मरणशक्तीचे तेच प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून पुढे ठेवले. दाजींनी तिन्ही शब्द पाच मिनिटांनी सांगितले, वीस मिनिटांनी सांगितले आणि निघताना कुणी न विचारता सांगितले.

“किती वर्षं होतात बोटीवर?” डॉक्टरांनी विचारलं.

“एकतीस. तांडेल.” तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. “सुकाणू माज्या हातात आणि इंजिन माज्या पायाकडे. तीन सिलेंडराचा.”

“कानांचं तिथेच झालं. हे बघा काका, तुमचं विसरणं हे न ऐकल्यामुळे आहे. जे कानात गेलंच नाही ते मेंदू कुठून आठवणार? पण याला किरकोळ समजू नका. ऐकू कमी येणं हे पुढे खऱ्या स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतं. मेंदूची सगळी ताकद तुटक शब्द जोडण्यात खर्च होते. त्यात माणूस चारचौघांत जाणं सोडतो. तुम्ही सोडलंत?”

दाजींनी खोपीचा विचार केला आणि पंख्याकडे बघितलं.

“श्रवणयंत्र लावलं की कधीच काही होणार नाही, असं मी सांगत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “रक्तदाब, चालणं, विडी बंद, हे सगळं बरोबर चाललंय. फक्त सगळ्यात सोपी गोष्ट तुम्ही वगळलीत.”

यंत्र आलं. वालाच्या दाण्याएवढं, कातडीच्या रंगाचं, म्हणजे डॉक्टरांच्या कातडीच्या. दाजींच्या काळ्या कानामागे ते शिंपल्यासारखं उठून दिसायचं. त्यांनी ते डबीत घालून डबी कपाटात ठेवली आणि आठ दिवस कपाटाभोवती फेऱ्या मारल्या. उघडायचं, बघायचं, बंद करायचं. पुन्हा कड्या सुरू झाल्या.

“घाला मां ता,” विमला म्हणाली.

“तुका कळना नाय. मनशाचा डोक्या गेला तर लोक कळवळतत. कान गेले तर नकल करतत. तो वरच्या घरातलो बहिरो आठवता? मेलो तरी पोरां तेची नकल करतत.”

“म्हणजे डोक्या गेला म्हटल्यार चलात, आणि कान गेले म्हटल्यार इज्जत जाता?”

दाजींनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. “व्हय,” ते म्हणाले.

विमला भांडली नाही. ती मासे निवडत बसली आणि बऱ्याच वेळानं खालच्या मानेनं काहीतरी बोलली. दाजींना ओठ दिसले नाहीत. “काय?” त्यांनी विचारलं. तिनं मान वर केली नाही आणि परत सांगितलंही नाही. ती काय बोलली असेल, याचा दाजींनी दोन दिवस तपास केला. तिसऱ्या दिवशी त्यांनी डबी उघडली.

पहिला आठवडा हाल झाले. कावळा कानात बसून ओरडत होता. प्लास्टिकची पिशवी म्हणजे पत्र्यावर दगडफेक. स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून ते दोनदा मागे वळून बघायला लागले. वाडीतली सगळी माणसं आपल्याबद्दल बोलतात अशी त्यांना शंका होती, ती आता पक्की झाली. खरंच बोलत होती.

नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर वाडी जमली. पुढे पुरुष, मागे बायका, आणि बाजूला यज्ञेशच्या घरचे पंधरा-वीस पाहुणे मोबाइल उंच धरून. दाजींनी टोपी कानावर ओढली होती. समुद्राकडे तोंड केलं आणि ते क्षणभर दचकलेच. लाट फुटल्यावर वाळूतून मागे सरताना जो बारीक चरचराट होतो, तो त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. समुद्र मधल्या काळात गप्प झाला आहे, अशी त्यांची समजूत होती.

“बा देवा म्हाराजा!” दाजींनी सुरुवात केली.

“व्हय म्हाराजा!”

देव पार पडले. राखणदार पार पडले. खडपातला देवचार एका झटक्यात पार पडला, तेव्हा पाठीमागे बाबलीनं सोडलेला श्वाससुद्धा दाजींना ऐकू आला. पण आणखीही एक गोष्ट ऐकू येत होती. पाठीमागचा आवाज त्यांच्या आठवणीतला नव्हता. वडिलांच्या वेळी होकार असा यायचा की छातीत घुमायचा. आता चार-पाच गळे, बाकी पुटपुट आणि कुणाच्या तरी मोबाइलची टिंगटिंग. शेवटची सोळा नावं समुद्रात राहिलेल्यांची, आणि तिथे तर हिशेबच वेगळा निघाला. कुबलांचं नाव आलं की कुबल ओरडत. तारी घराण्यातलं आलं की तारी. बाकीचे आपापली पाळी येईपर्यंत विश्रांती घेत.

एकोणचाळिसावं नाव दिलबहादूर. दाजींच्या होडीवरचा नेपाळी खलाशी. बारा वर्षांपूर्वी वादळात जाळं सोडवताना गेला. त्याचं घर कुठे, दाजींना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. त्याचं नाव गाऱ्हाण्यात त्यांनीच घातलं होतं, कुणाला न विचारता.

“बा देवा म्हाराजा, ह्या दर्यात रवललो दिलबहादूर, तेका तुज्या पायाकडे जागा दी!”

लाट फुटली. वाळू चरचरली. दाजी थांबले.

काहीच आलं नाही. यंत्र बंद पडलं का, म्हणून त्यांनी कानाला हात लावला. कानात कुणीतरी स्वच्छ म्हणालं, “अडाकलो बघ.” दुसरा हसला. यंत्र उत्तम चालू होतं.

आता दाजींच्या लक्षात आलं. या नावाला कधीच कुणी होकार दिला नसावा. अकरा वर्षं ते लाटेच्या आवाजाला होकार समजून पुढे गेले असतील. पुढे जायला आताही काही हरकत नव्हती. दोन नावं राहिली होती. चाळिसावं घेतलं की मोंडकर ओरडतील, एकेचाळिसावं घेतलं की कुबल. गाऱ्हाणं न अडकता पुरं होईल, मान घरात राहील, आणि हरिश्चंद्र कुबलांचं डोकं शाबूत असल्याचं वाडी सव्वादहापर्यंत मान्य करेल. फक्त एक नाव पोचणार नाही. तेही बाराव्यांदा.

“बा देवा म्हाराजा,” दाजी म्हणाले, “ह्या दर्यात रवललो दिलबहादूर!”

मागे कुजबुज उठली. “परत घेतल्यान.” बाबलीनं जिभेनं च् च् केलं, तेही ऐकू आलं.

“दिलबहादूर!” दाजी तिसऱ्यांदा म्हणाले. आवाज चिरकला.

“व्हय म्हाराजा!”

आवाज अगदी पाठीमागून, बायकांतून आला. मासळी बाजाराच्या या टोकाकडून त्या टोकाला जाणारा आवाज. दिलबहादूर चार वर्षं विमलाच्या हातचं जेवला होता. बाया होकार देत नसत. पुरुषांनी माना वळवल्या. एका बाईचा होकार चालतो की नाही, याबद्दल दाजींच्या वडिलांनी काही सांगितलेलं नव्हतं. दाजींनी तो धरला आणि चाळिसाव्या नावाकडे वळले.

नारळ समुद्रात गेला, प्रसाद वाटला गेला. बाबली खाली मान घालून जवळ आला.

“दाजी, ठरलेला ता ठरलेला. अडाकलस रे.”

“अडाकलंय नाय. वाट बघी होतंय.”

“कोणाची?”

“तुमची.”

बाबलीनं नारळाच्या तुकड्याकडे बघितलं. “तरी पण, फुडल्या वर्साक यज्ञेश.”

“येवंदे,” दाजी म्हणाले. हातातलं खोबरं त्यांनी तोंडात टाकलं. “पण अकरा नावां चलाची नाय. रोज संध्याकाळी खोपीत येवन माज्याकडे बसाक व्हया. मीय येतलंय.”

यज्ञेश बाजूलाच उभा होता. तो मोबाइल खिशात घालून पुढे आला. त्याला दिलबहादूर अंधुक आठवत असावा. लहानपणी दिलबहादूरनं त्याला खांद्यावर घेऊन भरतीत नेलं होतं. विचारावं की नाही अशा बेतानं, हळू आवाजात तो म्हणाला, “दाजी, आणि होकार येवकच नाय तर? किती येळ थांबाचा?”

दाजींना प्रत्येक अक्षर ऐकू आलं. त्यांनी कानामागे हात नेला.

“काय?”

यज्ञेशनं परत विचारलं. या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं.